असंच चाललो होतो

पहिल्यांदा देणगी द्यायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो आधी संस्थेच्या दारावरून पुढे निघून जातो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी थांबतो, मागे वळतो, पाटी पुन्हा वाचतो, मोबाइल कानाला लावून कोणाशी तरी न बोलता बोलतो आणि मग चपला बाहेर काढायच्या की नाहीत हा प्रश्न घेऊन उंबऱ्यावर उभा राहतो. "या ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "नाही, असंच चाललो होतो." धारवाडात, सप्तापुराच्या बोळात, श्रावणातल्या संध्याकाळी साडेसात वाजता असंच कोणी चालत नाही. इथला पाऊस एकदा कोसळून मोकळा होत नाही. तो सकाळी येतो आणि मुक्कामाला राहतो. अशा पावसात बाहेर पडलेल्या माणसाला एक तर दूध आणायचं असतं किंवा देणगी द्यायची असते. हातात पिशवी नसली की आम्ही काय ते समजतो.

आम्ही म्हणजे एक अभ्यासिका चालवणारी पाच-सात मंडळी. धारवाड हे आता परीक्षा देणाऱ्यांचं गाव झालं आहे. फौजदार व्हायला, तहसीलदार व्हायला नवलगुंद, कलघटगी, हल्याळ, खानापूरकडची मुलं-मुली इथे येतात. एकेका खोलीत चौघं-पाच जण राहतात. त्यामुळे झोपायला जागा मिळते, वाचायला मिळत नाही. त्यांच्यासाठी टेबलं, खुर्च्या, वर्तमानपत्रं आणि रात्री उशिरापर्यंत चालू असणारे दिवे, एवढाच आमचा कारभार. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. हिशेब मात्र दोन्ही भाषांत तुटीचा. म्हणून उंबऱ्यावरचा तो माणूस आम्हाला फार मोलाचा वाटतो आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते.

कारण त्या घटकेला त्याच्या मनात काय चाललेलं असतं? औदार्य वगैरे काही नाही. औदार्य त्याला घरी, जेवण झाल्यावर वाटलेलं असतं. उंबऱ्यावर येईपर्यंत त्याची भीती झालेली असते. ही रक्कम फार थोडी तर दिसणार नाही? आत बसलेले लोक हसतील का? आज दिलं तर दर महिन्याला दारात येतील का? नाव छापलं तर मेव्हणा पाहील आणि म्हणेल, मला उसने द्यायला नव्हते ते! घरून निघताना ठरवलेले दोन हजार बीआरटीएसच्या थांब्यापर्यंत येताना हजार झालेले असतात, पानपट्टीपाशी पाचशे. आणखी दोन मिनिटं त्याला बाहेर उभं ठेवलं तर तो शंभराची नोट पेटीत टाकून पळेल. त्यामुळे आमच्या चिटणीसबाईंनी स्वागताचा पहिला नियम केला आहे तो वेळेचा. माणूस दिसला की लगेच, "बर्री, ओळग बर्री, कूडरी." एकदा खुर्चीत बसलेल्या माणसाची रक्कम सहसा आणखी खाली जात नाही. बाईंची नोकरी शाळेत गेली. घाबरलेल्याला आधी बसवायचं, मग नाव विचारायचं, हे त्यांना पहिलीच्या वर्गावर शिकायला मिळालं.

मग तो पाचशे एक देतो. त्या एका रुपयावर कोणी तरी अभ्यास करायला हवा. आता पैसे मोबाइलवरून येतात, पाकीट नाही, नाणं नाही, तरी एक रुपया येतोच. पाचशे म्हणजे बिल भरल्यासारखं वाटतं, पाचशे एक म्हटलं की लग्नकार्यातल्या आहेराची कळा येते. आमच्या खजिनदारांच्या वहीत इतके एके आहेत की वर्षाअखेरीस त्यांची बेरीज वर्तमानपत्राचं बिल भागवते. खजिनदार निवृत्त बँकवाले. त्यांच्या मते देणगीदार रक्कम देतो ती देवाला आणि एक रुपया देतो तो स्वतःच्या अब्रूला.

इथवर सगळं ठीक. पुढे स्वागत करायचं म्हणजे काय करायचं, यावर मात्र आमच्यात मतभेद आहेत, आणि ते मिटावेत अशी कोणाचीच फारशी इच्छा नाही.

आमच्या उत्तर कर्नाटकात सत्काराला निमित्त लागत नाही, फक्त खुर्च्या लागतात. शाल, हार, फळांची करंडी आणि माणूस जरा मोठा असेल तर डोक्याला म्हैसुरी पेटा. हुबळीत असे काही वयस्कर नागरिक आहेत की त्यांच्या कपाटात शालींना जागा करण्यासाठी कपडे बाहेर काढावे लागले आहेत. त्या शाली पुढच्या सत्कारात फिरतात, आणि फिरत फिरत कधी कधी मूळ धन्याच्याच खांद्यावर परत येतात. तेव्हा पहिल्यांदा देणाऱ्याचा शाल घालून सत्कार करावा ही सूचना आमच्या बैठकीत येणारच होती. खजिनदारांनी कागद पुढे ओढला. शाल अडीचशे, हार ऐंशी, फळं दीडशे. एकूण चारशे ऐंशी. देणगी पाचशे एक. "म्हणजे संस्थेला उरले एकवीस रुपये," ते म्हणाले, "आणि फोटोवाला अजून यायचाय."

पण खरी अडचण पैशांची नाही. नव्या देणगीदाराला आपण नव्या जावयासारखं वागवतो. पहिल्या दिवाळसणाला पाट, रांगोळी, चांदीची वाटी, "आणखी एक जिलबी घ्याच." बिचारा अवघडून जातो, पाय कुठे ठेवावेत कळत नाही, पंख्याचं बटण कुठलं ते विचारायची सोय नाही. दुसऱ्या वर्षी आग्रह पातळ होतो, तिसऱ्या वर्षी सासरे त्याच्याकडेच हात पसरतात. संस्थांचंही तसंच. एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेला मी पाचशे रुपये पाठवले होते. त्यानंतर मला "प्रिय हितचिंतक" म्हणून गुळगुळीत कागदावर पत्रं आली, वाढदिवसाला संदेश आला, एका गोड आवाजाच्या मुलीने माझी प्रकृती विचारली, जी घरातही कोणी विचारत नाही. पुढच्याच वाक्यात तिने विचारलं, "सर, यंदा पाच हजार लिहू का?" माझे पाचशे त्या कागदांतच संपले असणार, या विचाराने मी आजही हळहळतो.

यावर उपाय म्हणून काही लोक म्हणतात, आम्हाला स्वागतही नको आणि नावही नको, गुप्तदान करायचंय. ऐकायला किती छान! पण इथे आमचे खजिनदार चष्मा पुसतात. देवळाच्या हुंडीत कोणी काय टाकलं ते सरकार विचारत नाही. निव्वळ धार्मिक संस्थांना निनावी देणग्यांवरचा कर लागत नाही. आमच्यासारख्या संस्थेला मात्र निनावी पैसे एका मर्यादेपुढे गेले की तीस टक्के कर. मर्यादा म्हणजे एक लाख किंवा वर्षाच्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. आमच्या गुप्तदानाचा आकडा पाहता त्या कराची भीती बाळगणं ही चैनच आहे. पण खजिनदार ती चैन करतात. म्हणून जो माणूस मोठ्या मनाने, डोळे मिटून, "नाव लिहू नका हो," म्हणत असतो त्याला ते विचारतात, "पॅन कार्ड आणलंय का?" तो डोळे उघडतो. मिटलेले डोळे असे उघडताना मी पाहिले आहेत. त्यांत भक्ती राहत नाही.

दुसरा वर्ग ८० जीवाल्यांचा, म्हणजे देणगीवर करसवलत हवी असणाऱ्यांचा. त्यांची अशी ठाम समजूत असते की हजार दिले की सरकार पाचशे परत देतं. खजिनदार त्यांना समजावतात, की आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेचा निम्मा भाग तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो, करातून नव्हे. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर तेही नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर हा विषयच संपला. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे, हे मला मान्य आहे. पण तो पावती फाडण्याआधी दाखवावा की नंतर, याविषयी चिटणीसबाईंचं मत वेगळं आहे.

आणि तिसरा प्रश्न, जो कोणी तोंडाने विचारत नाही पण छताकडे पाहत पाहत विचारला जातो: नाव कुठे लागेल? आमच्याकडे दोन पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. पंखा फिरू लागला की ती दिसत नाहीत. वीज गेली की सगळी मुलं घाम पुसत वर बघतात आणि नावं वाचतात. देणगीदाराची आठवण नेमकी त्याची देणगी बंद पडल्यावर व्हावी, याला काय म्हणायचं?

नावाच्या बाबतीत हुबळी-धारवाडइतका निष्ठुर अनुभव दुसरीकडे मिळणार नाही. हुबळीच्या विद्यानगरात १९४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्याला बसप्पा वीरप्पा भूमरड्डी या दात्याचं नाव दिलं. केवढं भारदस्त नाव! गावाने त्याचं काय केलं? बीव्हीबी. बसमध्ये कंडक्टर ओरडतो "बीव्हीबी", रिक्षावाला विचारतो "बीव्हीबी का?", आणि त्या कॉलेजातून बाहेर पडून जगभर पांगलेल्या इंजिनिअरांतल्या कितींना ही तीन अक्षरं सोडवून सांगता येतील, यावर मी पैज लावणार नाही. त्याच नगरातल्या विज्ञान महाविद्यालयाचे दाते जाबिन, त्यांचं निदान आडनाव तरी वाचलं. पुण्या-मुंबईकडचे लोक यावर हसतील तर त्यांनी आधी एसएनडीटीकडे पाहावं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले ते आईच्या नावासाठी; श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ही माउली आज चार इंग्रजी अक्षरांत राहते आहे. पंधरा लाखांची ही गत, तर आमच्या पाचशे एकवाल्याने पंख्याच्या पात्यावर समाधान मानायला हरकत नाही.

धारवाडचं कर्नाटक कॉलेज तर एका माणसाचंही नाही. त्याआधी इकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागे. रोद्द श्रीनिवासराव, अरटाळ रुद्रगौडा ही मंडळी वर्गणीसाठी हिंडली आणि १९१७ साली कॉलेज उभं राहिलं. पुढे ते राहायला गेलं ते सदर्न मराठा रेल्वेच्या जुन्या कचेरीत. आजही त्या इमारतीचा थाट असा आहे की व्हरांड्यात उभं राहिलं की वाटतं, आता घंटा होईल आणि गाडी सुटेल. गावाने त्याचंही केसीडी करून टाकलं, ते सोडा. मला कुतूहल आहे ते त्या वर्गणीच्या वह्यांचं. रावसाहेब, रावबहादूर दारात उभे आहेत म्हटल्यावर पहिल्यांदा देणाऱ्याला अवघडायला वेळच मिळाला नसेल. अवघडायचं काम मागणाऱ्यांनीच करून टाकलेलं असणार.

देण्याची दोन टोकं मला सोपी वाटतात. एक टोक शिरसंगीच्या लिंगराज देसायांचं. मूलबाळ नाही; १९०६ साली वारले तेव्हा सगळी इस्टेट गरीब मुलांच्या शिक्षणाला लिहून ठेवलेली. जो सगळंच देतो त्याला, थोडं दिलं की काय, ही शंका शिवत नाही, आणि त्याच्या खांद्यावर शाल घालायला तोही उरत नाही. दुसरं टोक पैसा फंडाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे महाराष्ट्रभर हिंडले, मागणं एकच: माणशी वर्षाला एक पैसा द्या. टिळकांनी पाठ थोपटली, आणि त्या पैशां-पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. यातली युक्ती मला रकमेपेक्षा निराळी दिसते. मागणंच एका पैशाचं, त्यामुळे कमी दिल्याची लाज कोणालाच वाटायला नको. जास्त देऊन भाव खायचीही सोय नाही. पैसा देणाऱ्याला शाल कोण घालणार? अवघड आहे तो मधला, पाचशे एकवाला. त्याने सगळं दिलेलं नसतं आणि अगदीच काही दिलं नाही असंही नसतं. त्याला आभार नको असतात. आपण काही वेडेपणा केला नाही ना, एवढंच त्याला कोणी तरी सांगायला हवं असतं, आणि तेही शब्दांत न सांगता.

हे न सांगता सांगायची रीत हुबळीतच, सिद्धारूढ मठात, पाहायला मिळते. सिद्धारूढ स्वामी १९२९ साली गेले. त्यांचं नाव आता हुबळी स्टेशनला आहे. तिथला दीड किलोमीटरचा फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून मिरवतो. (इथेही नाव लांब आणि फलाट लांब, तरी तिकीट मागताना सगळे "हुबळी" एवढंच म्हणतात.) मठात महाराष्ट्रातून, गोव्यातून येणारे मराठी भक्त कानडी भक्तांच्या बरोबरीने दिसतात. देणगीच्या खिडकीत तुम्ही एकावन्न द्या नाही तर एकावन्न हजार, पलीकडचा माणूस मान वर न करता पावती फाडतो आणि म्हणतो, "ऊटा माडकोंड होगरी." जेवून जा. झालं स्वागत. पुढे पंगतीत तुमच्या शेजारी बसलेल्याने काय दिलं, की काहीच दिलं नाही, हे वाढणाऱ्याला ठाऊक नसतं. सांबार दोघांच्याही पानात सारख्याच वेगाने येतं आणि थांबवायला हात आडवा धरेपर्यंत भात बुडालेला असतो. आम्ही काही रोज पंगत उठवू शकत नाही. चहाची किटली परवडते. तेव्हा आमच्याकडे मुलांसाठी साडेसातला चहा होतो, त्यातलाच एक पेला नव्या माणसाला मिळतो. मुलांबरोबर, उभ्यानेच.

तरी खरा शोध लागला तो अपघाताने. एक गृहस्थ असेच "असंच चाललो होतो" म्हणत आले, पाचशे एक दिले, पावती घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात खजिनदार शिडीवर चढून ट्यूबलाइट बसवत होते आणि शिडी लटपटत होती. चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, जरा धरा की हो ती." गृहस्थांनी शिडी धरली. देणगीदाराला शिडी धरायला लावल्याबद्दल आमच्यातल्या एकाला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ परत आले, चपला न विचारता काढल्या, वर पाहिलं आणि म्हणाले, "ही ट्यूब वाकडी बसली आहे." त्यानंतर ते येतच राहिले. वर्तमानपत्रं उशिरा येतात, खिडकीची कडी सैल आहे, पिण्याच्या पाण्याचं पिंप खिडकीशी ठेवलंत तर धूळ जाईल की नाही, अशा तक्रारी ते दर खेपेला घेऊन येतात. खजिनदारांना त्यांचा वैताग येतो. चिटणीसबाई मात्र त्यांच्या नावापुढे वहीत बारीक खूण करतात. त्यांच्या हिशेबाने आभाराला "तुमचेच आभार" म्हणणारा माणूस अजून पाहुणा असतो. जो पंखा आवाज करतो म्हणून कुरकुरला तो राहणार. तेव्हापासून नव्या माणसासाठी आम्ही काही ना काही काम शिल्लक ठेवतो. शिडी धरणं, वर्तमानपत्रं तारखेवार लावणं, फळ्यावरची जुनी सूचना पुसणं. एक हायकोर्टातले वकील आले होते, त्यांना पेनं चालतात का बघायला बसवलं. त्यांनी निम्मी नामंजूर केली. धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ आल्यापासून अशी कामं त्वरित निकालात निघतात.

गेल्या बैठकीत मात्र कोणी तरी म्हणालं, चहा आणि काम ठीक आहे, पण पहिल्यांदा देणाऱ्याचं तोंड गोड नको का करायला? धारवाडात राहून याला विरोध करणं कठीण. एक माणूस, एक पेढा, एवढा साधा ठराव. पण पेढा म्हटल्यावर कोणाचा, हा प्रश्न आला आणि सभा दुभंगली. एक पक्ष लाइन बाजारातल्या ठाकुरांचा: उन्नावहून इकडे येऊन त्या घराण्याने हा पेढा धारवाडला दिला, मान त्यांचा. दुसरा पक्ष मिश्रांचा: हुबळीत उतरल्या उतरल्या मिळतो, ताजा मिळतो. साखरेत घोळलेल्या त्या तपकिरी गोळ्याला भौगोलिक मानांकन आहे. पण ते गावाला आहे, दुकानाला नाही, त्यामुळे कायद्याचाही उपयोग होईना. ट्यूबवाले गृहस्थ निमंत्रित म्हणून बसले होते. त्यांनी अशी उपसूचना मांडली, की दोन्हींकडचा पाव पाव किलो आणावा, चव पाहावी आणि मग मत द्यावं. ही एकमताने मंजूर झाली. पैसे कोणी द्यायचे? खजिनदार कडाडले की देणगीचा एक पैसाही समितीच्या जिभेवर खर्च होणार नाही. आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच्या पाकिटातून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली. जरा थांबून, खिसे चाचपून, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. "संस्थेच्या नावे घ्या. उरतील ते जमा," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

चिटणीसबाईंनी वही चाळली. गेली इतकी वर्षं ज्यांच्या सहीने प्रत्येक पावती गेली त्यांचं स्वतःचं नाव वहीत कुठेच नव्हतं. बाईंनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन नीट सरकवला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत विचारलं, "पॅन कार्ड आणलंय का?"

त्यांनी आणलं नव्हतं. ते आणायला घरी गेले तेव्हा पाऊस लागला, आणि ते परत येईपर्यंत पेढे आणून, खाऊन, मतं मोजूनही झाली होती. बरोबरी. निर्णायक मत खजिनदारांचं, पण त्यांच्या वाटचा पेढा कोणी ठेवलेला नव्हता. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे.